खेळाडू फॉर्मात, मग कार्ड का उतरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाकडे बेसबॉलपटू रोनाल्ड अकुन्याचं २०१८ च्या टॉप्स अपडेटमधलं (टॉप्स ही कार्डं छापणारी कंपनी) रुकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या काळातलं कार्ड, आहे, साधं, ग्रेड न केलेलं, म्हणजे कंपनीकडून तपासून दर्जाचा आकडा न घेतलेलं. दुसऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अकुन्या २०२५ मध्ये परतला, छान खेळला, पण कार्डाचा भाव २०२३ च्या उंचीला काही पोचला नाही. मग ‘खेळ चांगला तर कार्ड महाग’ हे खरं की नाही? आणि आता कार्ड विकावं, ठेवावं की ग्रेडिंगला पाठवावं?

मी बरीच वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या कार्ड शोमध्ये टेबल लावतो, इबेवरही विकतो, त्यामुळे उत्तर दुकानदाराच्या नजरेतून देतो. खेळ आणि भाव यांचं नातं आहेच, पण ते सरळ नाही. याच्याकडून आपण जेवढं धरून चाललो होतो, त्यापेक्षा हा जास्त देतोय की कमी, एवढंच बाजार बघतो. ज्याच्याकडून कुणी काही धरलं नव्हतं, त्याने दोन महिने झोडपायला सुरुवात केली की कार्ड उडतं. ज्याच्याकडून सगळंच धरलंय, त्याने सगळं करून दाखवलं तरी कार्ड जागचं हलत नाही. उलट त्याची बॅट महिनाभर थंड पडली की लगेच खाली येतं.

अकुन्याचंच बघा. २०१८ मध्ये नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर. जुलै २०२१ मध्ये उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. त्या वर्षी त्याच्या संघाने, अटलांटा ब्रेव्ह्जने, वर्ल्ड सीरिज (हंगामाचं अंतिम विजेतेपद) जिंकली ती त्याच्याविना. २०२३ मध्ये त्याने ४१ होम रन आणि ७३ स्टील (चेंडू टाकला जात असताना धावून पुढचा बेस गाठणं) असा हंगाम केला. चाळीस होम रन आणि सत्तर स्टील एकाच हंगामात, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. एमव्हीपीही (लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब) एकमताने मिळालं. भावाचं शिखर ते. पण त्या शिखरावर कार्ड घेणारा नुसत्या २०२३ च्या हंगामाचे पैसे मोजत नव्हता. अशी आणखी आठ-दहा वर्षं होतील, पाचशे होम रन होतील, हॉल ऑफ फेम (महान खेळाडूंमध्ये कायमचं मानाचं स्थान) नक्की, हे सगळं त्या भावात धरलेलं होतं. मे २०२४ मध्ये डावा गुडघाही गेला आणि ती पुढची वर्षं भावातून कापली गेली. २०२५ च्या मे महिन्यात परतताना त्याने पहिल्याच चेंडूवर होम रन मारला, पुढे फलंदाजीही उत्तम केली. तरी घेणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न राहिलेच: हे पाय पुन्हा सत्तर स्टील काढतील का, आणि पूर्ण हंगाम खेळतील का? तुमच्या कार्डाच्या भावात जी घट दिसते आहे, ती या दोन प्रश्नांची किंमत आहे.

याच्या बरोबर उलटं उदाहरण कॅल रॅलीचं. सिएटलचा कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. कॅचर आणि तोही सिएटलचा, म्हणजे कार्डवाल्यांच्या दृष्टीने दोन वजाबाक्या. २०२४ मध्ये त्याने ३४ होम रन मारले होते तरी त्याची रुकी कार्डं शोमध्ये स्वस्त पेटीत पडलेली असायची. २०२५ मध्ये त्याने ६० मारले. कॅचरचा विक्रम ४८ चा होता, आणि दोन्ही हातांनी फलंदाजी करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४ चा होता. दोन्ही मोडले. ती स्वस्त पेटीतली कार्डं मग काचेच्या कपाटात गेली. त्याच वर्षी अमेरिकन लीगचं एमव्हीपी मात्र ॲरन जजला मिळालं, ५३ होम रन आणि .३३१ च्या सरासरीवर. जजच्या कार्डाने रॅलीसारखी उडी मारली का? नाही. २०२२ मध्ये ६२ होम रन मारून त्याने रॉजर मॅरिसचा ६१ वर्षं जुना लीग विक्रम मोडला, तेव्हापासून जजकडून ५० होम रन हे बाजाराने गृहीतच धरलेत.

शोहेई ओहतानी हा फलंदाजी आणि पिचिंग (चेंडू टाकणं) दोन्ही करणारा जपानी खेळाडू. त्याच्याबद्दल शोमध्ये रोज कुणीतरी विचारतं, म्हणून त्याचंही सांगतो. ओहतानीच्या कार्डात खरा पैसा कुणी केला? ज्यांनी २०२० च्या हिवाळ्यात घेतली त्यांनी. त्या छोट्या हंगामात त्याची सरासरी .१९० होती, पिचर म्हणून दोन इनिंगसुद्धा पूर्ण झाल्या नाहीत, कोपराची शस्त्रक्रिया आधी झालेलीच होती. ‘दोन्ही कामं एकाच माणसाला जमणं शक्य नाही’ असं टीव्हीवरचे जाणकार ठासून सांगत होते. करोनाच्या त्या काळात बाकी कार्डबाजार पेटलेला, आणि हा मागे पडलेला. २०२१ मध्ये ४६ होम रन, पिचर म्हणून ९ विजय आणि एकमताने एमव्हीपी. पुढे २०२३, २०२४, २०२५ अशी आणखी तीन एमव्हीपी. १९ सप्टेंबर २०२४ ला मायामीत त्याने सहापैकी सहा हिट, तीन होम रन आणि दोन स्टील करत ५०-५०, म्हणजे एकाच हंगामात पन्नास होम रन आणि पन्नास स्टील, पूर्ण केलं. त्या सामन्यातला पँटवरचा लोगो बसवलेलं एकमेव सही-कार्ड मार्च २०२५ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर गेलं. पण त्या रात्री जे साधं रुकी कार्ड घेत होते, ते सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे पैसे मोजत होते. ५०-५० होणार की नाही ही चर्चा तोवर कित्येक आठवडे चालू होती.

माइक ट्राउट हे या धंद्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. ऑगस्ट २०२० मध्ये त्याचं २००९ चं बोमन क्रोम (टॉप्सचाच एक संच) सुपरफ्रॅक्टर, सही असलेलं, जगात एकच, ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेलं. त्याआधीचा विक्रम होनस वॅग्नरच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डाचा, ३१ लाख २० हजार डॉलरचा. खेळणाऱ्या माणसाने वॅग्नरला मागे टाकलं, तेव्हा शोमध्ये दुसरा विषयच नव्हता. तोवर ट्राउटची तीन एमव्हीपी झाली होती. त्यानंतर पोटरी, पाठ, हाताचं हाड, गुडघा असं एकेक निघत गेलं. २०२४ मध्ये तो फक्त २९ सामने खेळला. त्याचं २०११ च्या टॉप्स अपडेटमधलं रुकी कार्ड तेजीच्या काळात ज्या भावाला गेलं होतं, त्याच्या आसपासही नंतर फिरकलं नाही. आता विचार करा, ट्राउटने कमावलेलं काही कुणी काढून घेतलं का? एमव्हीपी तीनच आहेत, हॉल ऑफ फेमबद्दल कुणाला शंका नाही. कमी झालं ते फक्त पुढचं. ‘हा मँटलच्याही वर जाईल’ या कल्पनेचे पैसे लोकांनी आगाऊ मोजले होते.

प्रॉस्पेक्ट म्हणजे मोठ्या लीगमध्ये न पोचलेली पोरं. त्यांच्या कार्डांचा सगळा भाव अपेक्षेवरच उभा असतो. बोमनच्या संचातल्या खेळाडूच्या पहिल्या कार्डावर ‘फर्स्ट बोमन’चा शिक्का असतो, आणि रंगीत पॅरलल, म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या, क्रमांकित असतात: सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५, सुपरफ्रॅक्टर एकच. इथे शिखर बहुतेक वेळा पदार्पणाच्या आधी येतं. मुलगा वर बोलावला जाणार अशी बातमी आली की भाव चढतो, आणि पहिल्या आठवड्यात उतरायला लागतो, कारण आता त्याला खरोखरच्या पिचरसमोर उभं राहायचं असतं. जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) पहिला. एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरने त्याला वर आणलं तेव्हा त्याची कार्डं हातात टिकत नव्हती. ३४ पैकी २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), आणि त्याच महिन्यात परत मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवर. वीस वर्षांचा मुलगा, दहा सामने. यावरून कुणाची कारकीर्द ठरत नाही, पण भाव तेवढ्यात पडला. अशा वेळी घाबरून विकणारे असतात आणि त्यांच्याकडून शांतपणे घेणारेही असतात. मी स्वतः प्रॉस्पेक्ट विकतो तो बोलावण्याच्या बातमीच्या दिवशी. पदार्पणाचा सामना बघायला थांबत नाही.

जुन्या लोकांना ब्रायन टेलर आठवत असेल. १९९१ मध्ये यांकीजने पहिल्या क्रमांकाला घेतलेला डावखुरा पिचर. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत खांदा गेला, मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू टाकला नाही. त्याची कार्डं आजही शोमध्ये मिळतात, फुकटाच्या जवळ.

पिचर म्हटल्यावर मी हात आखडता घेतो, तो यामुळेच. फलंदाज रोज दिसतो, पिचर पाच दिवसांतून एकदा, आणि कोपर कधी जाईल सांगता येत नाही. स्टीफन स्ट्रासबर्गने ८ जून २०१० ला पदार्पणात १४ स्ट्राइकआउट घेतले आणि देशभर त्याच्या कार्डांची झुंबड उडाली. सप्टेंबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. गंमत म्हणजे पुढे तो २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा एमव्हीपी झाला, २४.५ कोटी डॉलरचा करारही झाला, पण त्या करारात तो सुरुवातीचा पिचर म्हणून फक्त आठ सामन्यांत उतरला. पॉल स्कीन्स अपवाद ठरतोय. त्याचं पदार्पणातल्या जर्सीवरचं बिल्ला बसवलेलं एकमेव सही-कार्ड लॉस एंजेलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं. पिट्सबर्ग पायरेट्सने बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं वगैरे देऊ केली. कुटुंबाने ते नाकारून मार्च २०२५ मध्ये लिलावात कार्ड ११ लाख १० हजार डॉलरला विकलं. २०२५ मध्ये त्याला साय यंग (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा किताब) मिळालं हे खरं, तरी त्या कुटुंबाने विकलं तेच शहाणपणाचं, असं माझं मत. बावीस वर्षांच्या पिचरच्या कोपरावर मी घर गहाण ठेवणार नाही.

सगळी कामगिरी बाजाराला सारखीच दिसते असंही नाही. होम रन दिसतो, एकेरी हिट दिसत नाही. लुईस अराएझने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं तीन वेगवेगळ्या संघांकडून सरासरीचं विजेतेपद मिळवलं. असं कुणी केलं नव्हतं. त्याचं रुकी कार्ड घ्यायला तरी टेबलावर कुणी थांबत नाही. मोठ्या शहराच्या संघातला, विशेषतः यांकीज किंवा डॉजर्सचा, तोच खेळ करेल तर जास्त भाव. हे अन्यायाचं आहे, पण घेणारे तिथे आहेत. ओहतानीच्या बाबतीत तर अख्खा जपान घेणारा आहे.

आता पुरवठ्याकडे वळू, कारण ग्रेडिंगचा निर्णय तिथे आहे. साधारण १९८७ ते १९९४ या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की त्या पिढीला आम्ही जंक वॅक्स म्हणतो. केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अपर डेक, क्रमांक एकचं कार्ड, त्या काळाचं मानाचं पान. ग्रिफीने ६३० होम रन मारले, २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला. याहून चांगली कामगिरी कोणती हवी? पण पीएसए १० (पीएसए ही ग्रेड देणारी कंपनी, १० हा सर्वोच्च ग्रेड) मिळालेली तीच कार्डं चार हजारांच्या वर आहेत. त्यामुळे तो भाव एका मर्यादेपलीकडे जात नाही. बरं, भाव चढला की पुरवठाही वाढतो. लासलगावला दर वाढल्याची बातमी आली की चाळीत दाबून ठेवलेला कांदा बाहेर येतो ना, तसंच. खेळाडू तापला की कपाटातली कार्डं ग्रेडिंगला जातात, काही महिन्यांनी स्लॅबमध्ये (ग्रेड लिहिलेल्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत) बंद होऊन एकदम बाजारात येतात, आणि तोवर खेळाडूचा तो गरम महिना संपलेला असतो. २०२१ च्या मार्चमध्ये तर पीएसएकडे इतकी कार्डं तुंबली की त्यांनी बहुतेक सेवा बंदच ठेवल्या. तो ढीग बाहेर येईपर्यंत तेजी ओसरली होती. टॉप्स अपडेटचं साधं कार्ड भरपूर छापलेलं असतं आणि अकुन्याची पीएसए १० आधीच पुष्कळ आहेत, हे ध्यानात असू द्या.

मैदानाबाहेरच्या गोष्टी खेळापेक्षा जोरात मारतात. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसाच्या होम रन शर्यतीने १९९४ च्या संपानंतर मरगळलेला कार्डबाजार जागा केला. मॅग्वायरने ७० मारले, त्याचं १९८५ चं ऑलिंपिक संघातलं टॉप्स कार्ड गगनाला भिडलं. २००५ ची संसदेपुढची सुनावणी, २०१० मधली त्याची स्टेरॉइडची कबुली, आणि ते कार्ड पुन्हा जमिनीवर. बॅरी बाँड्सकडे सात एमव्हीपी आणि ७६२ होम रन आहेत, आकड्यांनी बघितलं तर त्याचं कार्ड कुठल्या कुठे असायला हवं. पण स्टेरॉइडच्या संशयापायी २०२२ मध्ये हॉल ऑफ फेमसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात त्याची दहावी आणि शेवटची संधी ६६ टक्क्यांवर थांबली. लागतात ७५. वाँडर फ्रँको एके काळी सगळ्यात महागडा प्रॉस्पेक्ट होता. ऑगस्ट २०२३ मध्ये अल्पवयीन मुलीसंबंधीच्या आरोपांची चौकशी सुरू झाली, तो संघाबाहेर गेला आणि त्याच्या कार्डांना गिऱ्हाईकच राहिलं नाही. स्टेरॉइडच्या बंदीतून कार्ड थोडंफार सावरतं. अशा प्रकरणातून सावरलेलं मी पाहिलेलं नाही, आणि सावरू नये असंच मला वाटतं.

निवृत्तीनंतर कामगिरीचा खातेउतारा बंद होतो आणि हॉल ऑफ फेमचं मतदान तेवढं उरतं. निकाल जानेवारीत लागतो. ज्याच्याबद्दल खात्री आहे त्याच्या कार्डात त्या दिवशी काही हलत नाही. इचिरोला २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मतं पडली, पण हे सगळ्यांनी वर्षानुवर्षं धरलेलंच होतं. हालचाल होते ती काठावरच्या माणसांच्या कार्डात, आणि तीही निकालाच्या आधीच्या आठवड्यांत, जाहीर झालेली मतपत्रं मोजणारे लोक आकडे टाकायला लागतात तेव्हा. निकालानंतर पंधरा दिवसांत त्यातला बराचसा फुगा उतरतो.

मँटलचं १९५२ चं टॉप्स जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची अधिक चांगली प्रत १ कोटी २६ लाखांना. मँटल १९६८ नंतर खेळलेला नाही, म्हणजे इथे खेळाचा संबंध संपला. प्रत किती कोरी, पैसा कुणाकडे आणि किती, एवढंच. त्या संचाची न खपलेली खोकी १९६० मध्ये समुद्रात बुडवली, असं टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितलेलं आहे. तो संच तयार करण्यात त्यांचाच हात होता.

आता तुमच्या कार्डाचं. कार्ड भिंगाखाली धरा. चित्र चारही बाजूंनी मधोमध आहे का, कोपरे पांढरे झालेत का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का. यातलं काहीही असेल तर दहाचा ग्रेड येणार नाही, आणि एवढं छापलेलं आधुनिक कार्ड नऊमध्ये आलं तर बहुतेकदा ग्रेडिंगची फी आणि टपालखर्चही सुटत नाही. कार्ड खरोखर निर्दोष असेल तर पाठवा, पण हिवाळ्यात, म्हणजे हंगाम सुरू होईपर्यंत परत येईल. भाव बघताना इबेवर लोक किती मागतायत ते बघू नका. ‘सोल्ड’ची खूण लावा आणि गेल्या तीसेक दिवसांत त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या झालेल्या विक्री बघा. त्यातून इबेचे साधारण १३ टक्के वजा करा, म्हणजे हातात काय पडणार ते कळेल.

विकायचंच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विकू नका. बेसबॉल बंद असतं, लोक फुटबॉल-बास्केटबॉलकडे गेलेले असतात. मार्चअखेर हंगाम सुरू होतो तेव्हा आशा सगळ्यांनाच असते, किंवा मग अकुन्याचा तापलेला महिना लागला की त्याच आठवड्यात विक्रीला टाका, महिना संपायची वाट न बघता. अकुन्यासाठी एक खूण मी बघतो ती होम रनची नाही, स्टीलची. ज्या हंगामात तो एप्रिल-मेमध्येच पुन्हा धावायला लागेल, तेव्हा लोकांच्या मनातला गुडघ्याचा प्रश्न मिटायला लागेल आणि कापलेली किंमत थोडीफार परत येईल. तो धावला नाही आणि नुसते होम रन मारत राहिला, तर आजचा भाव हाच त्याचा भाव समजा.

मुलाला अकुन्या आवडत असेल, तर मात्र एवढ्या रकमेसाठी त्याच्या हातून कार्ड काढून घेऊ नका. पाकिटात नुसतं ठेवलं असेल तर आधी मऊ प्लॅस्टिकची पेनी स्लीव्ह आणि त्यावर टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं पाकीट) घाला.